‘फ्री शिपिंग’चं ओझं कुणाच्या पाठीवर?



८ डिसेंबर २०२५ ला पुण्यात बाबा आढाव गेले. वय ९५. त्यानंतरच्या रविवारी आम्ही इकडचे दहाबारा जण झूमवर जमलो होतो. कुणी विद्यार्थिदशेत ‘कष्टाची भाकर’मधे जेवलेले, कुणी ‘एक गाव एक पाणवठा’च्या काळात पुण्यात वाढलेले. माझी पाळी आली. मी हमाल पंचायतीबद्दल बोलायला सुरुवात केली. पाठीवरचं पोतं हा राजकीय प्रश्न आहे हे या माणसाने आपल्याला शिकवलं, असं काहीतरी जड वाक्य मी बोलत होतो आणि दाराची बेल वाजली.

बाहेर सकाळपासून बर्फ. पायऱ्या मी साफ केलेल्या नव्हत्या. साठीच्या आसपासचा एक माणूस चाळीस पौंडांचं पोतं खांद्यावर घेऊन चौथ्या पायरीवर उभा होता. दुसरं पोतं व्हॅनमधे. पोत्यात काय होतं? पायऱ्यांवरचा बर्फ वितळवायचं मीठ. म्हणजे पायऱ्या निसरड्या होऊ नयेत म्हणून मी मागवलेलं मीठ हा माणूस त्याच निसरड्या पायऱ्या चढून मला आणून देत होता. तेही रविवारी. हार्डवेअरचं दुकान माझ्या घरापासून दीड मैलावर आहे आणि गाडी गराजमधे उभी होती.

त्याने दुसरं पोतं आणलं, फोटो काढला, गेला. मी ‘थँक यू’ म्हणालो. आत येऊन अनम्यूट केलं आणि हमालांच्या प्रश्नावर पुढे बोललो. चांगलं बोललो म्हणे.

त्या रात्री मी एक काम केलं, जे गेल्या वीस वर्षांत कधी केलं नव्हतं. त्या दुकानाच्या ‘शिपिंग अँड डिलिव्हरी’च्या अटी वाचल्या. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. दोनतीन मोठ्या दुकानांच्या अटी शेजारी शेजारी ठेवून पाहा, मसुदा एकाच वकिलाने केल्यासारखा वाटतो. आपण मंडळी घराच्या मॉर्गेजचे कागद ओळ न ओळ वाचतो, ग्रीन कार्डच्या फॉर्ममधला स्वल्पविरामही सोडत नाही. पण या अटींना गेल्या वीस वर्षांत किती वेळा ‘मान्य’ म्हटलं, याची मोजदाद नाही. म्हणून या पत्रात त्या अटींचं थोडं निरूपण करतो.

पहिला शब्द ‘फ्री’. ॲमेझॉनने फेब्रुवारी २००५ मधे प्राइम सुरू केलं तेव्हा वर्षाला ७९ डॉलर भरून दोन दिवसांत ‘फुकट’ डिलिव्हरी मिळायची. २०२२ मधे तेच १३९ डॉलर झाले. पैसे भरून मिळणाऱ्या वस्तूला फुकट म्हणायची सवय आपल्याला इतकी लागली की सहा डॉलर शिपिंग मागणारं छोटं दुकान आपल्याला लुटारू वाटायला लागलं. हे सभासदत्व कसं विकलं जातं यावर फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मधे दावा लावला. लोकांच्या नकळत त्यांना सभासद करून घेतलं जातं आणि बाहेर पडणं मुद्दाम अवघड केलं आहे, असा आरोप होता. सप्टेंबर २०२५ मधे अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली. कंपनीने चूक कबूल केली नाही, फक्त पैसे कबूल केले. सभासदत्व रद्द करण्याच्या त्या वाटेचं कंपनीतलं अंतर्गत नाव ‘इलियड’ होतं. आपल्यातल्या कुणी तो प्रोजेक्ट केला असता तर ‘महाभारत’ ठेवलं असतं. आपल्यातल्या कुणी तो केला नसेल, असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

दुसरी अट तारखेची. डिलिव्हरीची तारीख ‘अंदाजे’ आहे, हमी नाही, असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तरी ग्राहक इथे निराधार नाही. पोस्टाने माल मागवणाऱ्यांसाठी या देशात १९७५ पासून नियम आहे. सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितली नसेल तर तीस दिवसांत, माल रवाना झाला पाहिजे. उशीर होणार असेल तर ग्राहकाला कळवायचं आणि ऑर्डर रद्द करून पैसे परत घ्यायची मुभा द्यायची. तो नियम पुढे टेलिफोनला लागू झाला, मग इंटरनेटला. १९९९ च्या नाताळात माल वेळेवर न पोचवणाऱ्या आणि ग्राहकांना नीट न कळवणाऱ्या सात ऑनलाइन दुकानांना त्याच नियमाखाली २००० साली मिळून पंधरा लाख डॉलरचा दंड झाला. नियम चांगला आहे. मी त्याच्या बाजूने आहे.

आता त्याच गोदामातल्या दुसऱ्या घड्याळाकडे पाहा. नेवाडातल्या ॲमेझॉनच्या गोदामांत एका स्टाफिंग एजन्सीमार्फत काम करणाऱ्या कामगारांनी दावा लावला. पाळी संपल्यावर चोरी तपासायच्या रांगेत रोज पंचवीसेक मिनिटं उभं राहावं लागतं, त्या वेळेचा पगार द्या, इतकीच मागणी. डिसेंबर २०१४ मधे सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की फेडरल कायद्याखाली या वेळेचा पगार देणं लागत नाही. एकमताने, म्हणजे आपले लाडके उदारमतवादी न्यायाधीशही त्यात आले. माझ्या खेळण्याला उशीर झाला तर दुकानाला दंड, आणि ते खेळणं भरणाऱ्या माणसाचा वेळ कायद्याच्या लेखी वेळच नाही. पुढे २०२१ मधे पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्याच्या कायद्याखाली उलट निर्णय दिला आणि हा वेळ कामाचाच आहे असं म्हटलं. ते कामगार लीहाय व्हॅलीतल्या ब्राइनिग्सव्हिलच्या गोदामातले होते. हे तेच गाव जिथे २०११ च्या उन्हाळ्यात आतल्या उकाड्याने कामगार कोसळत होते आणि बाहेर ॲम्ब्युलन्स तयार उभ्या ठेवल्या होत्या. स्थानिक वर्तमानपत्राने ते उघडकीला आणलं आणि पुढे तिथे कूलिंग आलं. न्यू जर्सीतून पोकोनोला सहलीला जाताना आपण त्याच भागातून जातो.

इथे माझाही कबुलीजबाब देतो. नाहीतर हे पत्र म्हणजे ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ होईल.

२००३-०४ च्या सुमारास मी एका विक्रेत्या कंपनीत कन्सल्टंट होतो. ग्राहकाला स्क्रीनवर ‘अमुक तारखेपर्यंत मिळेल’ असं जे दिसतं ती तारीख काढणारा प्रोग्रॅम आमच्या टीमकडे होता. हिशेब सोपा होता. ऑर्डरची वेळ, अधिक गोदामातला वेळ, अधिक वाहतुकीचा वेळ. वाहतुकीचा वेळ आमच्या हातात नव्हता, कारण ट्रक ताशी साठ मैलांनीच जाणार. म्हणून सगळ्यांची नजर मधल्या कॉलमवर. त्या टेबलात चोवीस तास असं लिहिलेलं होतं. मार्केटिंगचा निरोप आला, आठ करा. मी आठ केले. एक ओळ बदलली, टेस्ट केली, शुक्रवारी प्रॉडक्शनला गेलं. सोमवारी आम्हाला पिझ्झा मिळाला.

चोवीसचे आठ झाले म्हणजे गोदामात नेमकं काय बदललं, हे मी विचारलं नाही. मला कुणी सांगितलं नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. त्या टेबलात माणसासाठी कॉलमच नव्हता. मी वाईट माणूस नव्हतो. शनिवारी मराठी शाळेत शिकवत होतो, नर्मदेसाठी वर्गणी पाठवत होतो. तरीही मी एका झटक्यात शेकडो माणसांच्या पायांचा वेग तिप्पट मागितला होता.

तिसरी अट जोखमीची. बऱ्याच मोठ्या दुकानांच्या, ॲमेझॉनच्याही, अटींत हे वाक्य वर्षानुवर्षं आहे की माल वाहतूकदाराच्या हाती दिला की मालकी आणि नुकसानीची जोखीम ग्राहकाकडे गेली. व्यवहारात दुकानं पार्सल हरवलं तर पैसे परत देतात, ती गोष्ट वेगळी. पण कागद पाहा. मालाची जोखीम कुठल्या क्षणी कुणाकडून कुणाकडे जाते हे त्यात काटेकोर लिहिलं आहे. माणसाच्या जोखमीचं काय? १० डिसेंबर २०२१ च्या संध्याकाळी इलिनॉयमधल्या एडवर्ड्सव्हिलला ॲमेझॉनच्या डिलिव्हरी स्टेशनवर टॉर्नेडो आदळला. नाताळचा हंगाम होता, काम चालू होतं. सहा माणसं मेली. त्यातले बहुतेक जण कंपनीच्या पगारावर नव्हते, डिलिव्हरीच्या कंत्राटदारांकडचे होते. सुरक्षा खात्याने चौकशी केली, दंड केला नाही, सुधारणा सुचवणारं पत्र दिलं.

इथून चौथी अट सुरू होते. माल पोचवणारे हे ‘स्वतंत्र तिसरे पक्ष’. ॲमेझॉनने २०१८ मधे छोट्या छोट्या डिलिव्हरी कंपन्यांची योजना काढली. व्हॅनवर कंपनीचं चिन्ह, अंगावर कंपनीचं जाकीट, हातातल्या यंत्रात कंपनीचा रूट. पण पगाराचा, दुखापतीचा प्रश्न आला की मालक दुसरा. कॅलिफोर्नियातल्या पामडेलच्या ड्रायव्हर्सनी २०२३ मधे युनियन केली, तेव्हा ॲमेझॉनचं म्हणणं होतं की हे आमचे कामगारच नाहीत आणि त्या कंत्राटदाराचा करार तर आधीच संपवायचा ठरला होता. स्वतःची गाडी घेऊन माल पोचवणाऱ्या फ्लेक्स ड्रायव्हर्सची गोष्ट तर याहून उघड आहे. ग्राहकांनी त्यांना दिलेल्या टिपमधूनच त्यांच्या मेहनतान्याचा भाग भागवला गेला, असा ठपका फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२१ मधे ६ कोटी १७ लाख डॉलर परत द्यावे लागले. तुम्ही आम्ही पाच डॉलर टिप देऊन मनाचं समाधान केलं, त्याचंही हे असं झालं.

आणि हे फक्त इथलं नाही. मार्च २०२१ मधे कंपनीने ट्विटरवर टिंगल केली की कामगार बाटलीत लघवी करतात यावर तुमचा खरंच विश्वास आहे का. थोड्याच दिवसांत माफी मागून कबूल करावं लागलं की ड्रायव्हर्सना स्वच्छतागृह मिळायची अडचण आहे. पुढे मे २०२४ मधे हरियाणातल्या मानेसरच्या गोदामात, मरणाच्या उन्हाळ्यात, कामगारांकडून शपथ घेववली गेली. सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी प्यायला आणि संडासला जाणार नाही, अशी. मानवाधिकार आयोगाने दखल घेतली. कंपनीने ती एकट्या व्यवस्थापकाची चूक ठरवली. असेलही. पण तीन वर्षांच्या अंतराने दोन खंडांत माणसाच्या मूत्राशयावरच वेळापत्रक येऊन आदळतं, तेव्हा चूक व्यवस्थापकाची की वेळापत्रकाची, हे विचारायला हवं.

यावर आपल्या मंडळींत नेहमी येणारे तीन आक्षेप मला पाठ आहेत.

पहिला, ‘कुणी जबरदस्ती केली आहे का? पगार बरा आहे.’ पगाराचं खरं आहे. नोव्हेंबर २०१८ पासून ॲमेझॉनने इथे तासाला किमान १५ डॉलर केले, तेव्हा फेडरल किमान वेतन सव्वासात होतं. पण ते आपोआप झालं नाही, आधी राजकीय दबाव आला. आणि स्टेटन आयलंडच्या गोदामात, जिथे बाहेरून बरा पगार दिसत होता, तिथल्याच कामगारांनी १ एप्रिल २०२२ ला २,१३१ विरुद्ध २,६५४ मतांनी युनियन निवडली. त्यांचा पुढारी ख्रिस स्मॉल्स. कोविडच्या पहिल्या महिन्यात सुरक्षेसाठी काम बंद पाडलं त्याच दिवशी त्याला काढलं होतं. कंपनीच्या मते त्याने विलगीकरणाचा नियम मोडला म्हणून. पगार पुरेसा असता तर लोकांनी नोकरी धोक्यात घालून मतं कशाला दिली असती? बरं, ‘जबरदस्ती नाही’ हे वाक्य आपण कुणाच्या तोंडून ऐकत मोठे झालो ते आठवा. वाड्यावर धुणं धुणाऱ्या बाईबद्दल हेच म्हटलं जायचं.

दुसरा, ‘म्हाताऱ्या, आजारी माणसांना घरपोच मिळण्याचा केवढा आधार आहे.’ शंभर टक्के मान्य. माझे सासरे इथे असताना त्यांची औषधं घरपोचच यायची. पण औषध उद्या हवं म्हणून माझं मीठही उद्याच यायला हवं, हे कुठल्या न्यायाने? सगळंच तातडीचं झालं की ज्याला खरी तातडी आहे तोही त्याच रांगेत अडकतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात लोकप्रिय. ‘एकट्याने सोडून काय होणार?’ काही होणार नाही. मी बहिष्कार घाला म्हणत नाही. माझं म्हणणं निराळं आहे आणि त्यासाठी पुन्हा महाराष्ट्रात जावं लागेल.

‘अनेक मालकांचं ओझं वाहणाऱ्या माणसाचा मालक कोण?’ हा प्रश्न इथल्या कंपन्या असा विचारतात की जणू एकविसाव्या शतकातच निर्माण झाला. मशीद बंदरच्या आणि मार्केट यार्डातल्या हमालाला तोच प्रश्न होता. सकाळी एका व्यापाऱ्याचं पोतं, दुपारी दुसऱ्याचं, मधे मुकादम. दुखापत झाली की सगळे हात वर करणार. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे माथाडी लढले, पुण्यात बाबा आढावांनी हमालांना संघटित केलं आणि १९६९ मधे महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्याची युक्ती साधी होती. मालक कोण यावर वाद घालत बसायचंच नाही. जो जो ओझं उचलवून घेतो त्याने मंडळाकडे नोंदणी करायची, मजुरी मंडळात भरायची आणि वर ठरावीक लेव्ही भरायची. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार तिघंही. मंडळ पगार देणार, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजा, दवाखाना बघणार. निरक्षर समजल्या गेलेल्या माणसांनी चळवळीतून जे मिळवलं, ते आजच्या स्टॅनफर्डच्या पदवीधरांना अशक्य वाटतं.

हा कायदा सोन्याचा आहे असं मी म्हणत नाही. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारेही निघाले, नोंदणी चुकवणारे व्यापारी तर पहिल्यापासून आहेत. पण तत्त्व बावनकशी आहे. ज्याच्यासाठी ओझं उचललं जातं, त्याने माणसाचाही वाटा भरावा.

आता आपल्या वाट्याचं. आपण नुसते ग्राहक नाही. आपल्यातले कितीतरी जण सप्लाय चेनच्या सॉफ्टवेअरमधे, बँकांत, कन्सल्टिंगमधे आहेत. तो मधला कॉलम आपल्या हाताखालून जातो. म्हणून माझ्या मागण्या ग्राहकाच्या आधी व्यावसायिकाकडे आहेत. पुढच्या वेळी मीटिंगमधे कुणी आकडा कमी करा म्हणालं, तर एवढंच विचारा की या बदलाने गोदामातल्या माणसाचा तासाचा कोटा किती वाढतो, आणि तो आकडा डॉक्युमेंटमधे लिहायला लावा. नोकरी जाणार नाही. थोडी शांतता पसरेल, ती सोसा.

दुसरं, कॅलिफोर्नियात २०२२ च्या पहिल्या तारखेपासून कायदा आहे की गोदामातल्या कामगाराला त्याचा कोटा लेखी सांगितला पाहिजे आणि जेवणाच्या सुट्टीच्या किंवा संडासला जायच्या आड येणारा कोटा लादता येत नाही. न्यूयॉर्कनेही तसा कायदा केला. तुमच्या राज्यात काय आहे ते पाहा. नसेल तर आपल्या आमदाराच्या ऑफिसला फोन करा. टर्नपाइकच्या एक्झिट ८ए भोवती गोदामं वाढतात म्हणून आपल्या टाउनशिपच्या सभेत ट्रॅफिकवर आणि घरांच्या किमतींवर तावातावाने बोलणारे मराठी, गुजराती, तेलुगू आवाज मी ऐकले आहेत. त्यात आत काम करणाऱ्यांबद्दल एक वाक्य मी ऐकलं नाही.

तिसरं, ऑगस्ट २०२५ ची आठवण ठेवा. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची जकातमाफी संपली, भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलं थांबवली, ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. चिवडा-चकल्या वेळेवर येणार की नाही म्हणून आपल्या सगळ्यांच्या इनबॉक्समधे केवढा आक्रोश होता! शिपिंगच्या अटी म्हणजे राजकारण असतं हे तेव्हा आपल्याला एका दिवसात कळलं, कारण फराळ आपला होता. ती समज फराळापुरती ठेवू नका.

आणि शेवटचं, अगदी छोटं. ऑर्डर देताना खाली ‘घाई नाही’ असा एक पर्याय असतो. मी आता तो निवडतो. त्याने क्रांती होत नाही हे मला माहीत आहे. पण दर वेळी तो निवडताना मला स्वतःला विचारावं लागतं की याची खरंच घाई आहे का. दहातल्या नऊ वेळा नसते.

मीठ अजून शिल्लक आहे. पुढच्या वेळी बर्फ पडेल तेव्हा मी आधी पायऱ्या साफ करणार आहे, आणि मग झूमवर बसणार आहे.

तुमचाच,
न्यू जर्सीतला एक वाचक-सभासद